आधी मूळ बघ

नोकरी सांभाळून आगाशीची वाडी पुन्हा उभी करणार म्हणालास, बाळा, ऐकून जीव सुखावला. मी काही तिथे रोज येऊ शकणार नाही. म्हणून आम्हाला काम करताना जे कळलं, ते आताच सांगून ठेवतो.

भात निघाल्यावर ओल आहे तोवर आपण वाल टाकतो. तो महिनाभराचा झाला की एक झाड कुदळीने मातीसकट उचल. ओढून उपटू नकोस, गाठी मातीतच तुटून राहतात. मुळं बादलीत हलक्या हाताने धुऊन घे. मणी चिकटवल्यासारख्या गाठी दिसतील. त्यातली एक नखाने फोड. आत गुलाबी असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती गाठ नत्र देत नाही. वालाच्या मुळांतून फ्लॅव्होनॉइड नावाची द्रव्यं पाझरतात. ती ओळखून रायझोबियम जिवाणू मुळात शिरतात, गाठ बांधतात आणि हवेतलं नत्र झाडाला देतात. झाड त्यांना साखर देतं. असा दोघांचा संसार आहे. जिथे बऱ्याच वर्षांत वाल, चवळी झालेली नाही तिथे दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियम गुळाच्या पाण्यात कालवून चोळ, सावलीत सुकव आणि लगेच पेर.

मात्र वालाला युरिया मारू नकोस. एका वर्षी मी मारला. वेल हातभर वाढले, पानं गर्द हिरवी, आणि मुळांवर गाठी जवळपास नाहीतच. शेंगाही बेताच्याच. आयतं नत्र मिळालं की झाड जिवाणूंना बोलावणं कमी करतं. स्फुरदाचंही तसंच आहे. ते कमी पडलं की मुळं स्ट्रिगोलॅक्टोन सोडून मायकोरायझा बुरशीला जवळ करतात, आणि तिचे धागे लांबून स्फुरद आणतात. जमिनीत भरपूर असेल तर ही हाक मंदावते. म्हणून माती तपासल्याशिवाय सुपर फॉस्फेटची गोणी फोडू नकोस. कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे, तिथे जाऊन विचार.

कोबी आणि मुळा मायकोरायझा बुरशी धरत नाहीत. म्हणून ती पुन्हा वाढावी यासाठी त्यांच्यामागून चवळी किंवा मका घे. मुळ्याचा पाला ताजा चिरून मातीत गाडलास तर त्यातलं तिखट द्रव्य रोगाच्या बुरशीला दाबतं, पण कोवळ्या बियांनाही भोवतं. दोन-तीन आठवडे थांबून मगच पेर.

आता केळी. फारसा वारा नसताना लोंगर धरलेलं झाड आडवं झालं तर आधी त्याची मुळं पाहा. तांबूस-काळे चट्टे दिसले तर सूत्रकृमीचा संशय घे. ओळींमध्ये झेंडू लाव. 1958 साली हॉलंडमधल्या शास्त्रज्ञांनी झेंडूच्या मुळांतून अल्फा-टरथायनिल हे सूत्रकृमी मारणारं द्रव्य वेगळं काढलं. ते काम जिवंत मुळांचं आहे. फुलं दसरा-दिवाळीला खुशाल वीक, पण झाडं दोन-तीन महिने तरी जमिनीत राहू दे. झेंडू सगळ्याच सूत्रकृमींवर चालत नाही. म्हणून दुसऱ्या वाडीतला मुनवा आणशील तो मुळं-कंद बघूनच आण.

आपली जमीन किनाऱ्याजवळची, रेताड. पावसात नत्र वाहून जातं. खतासोबत निंबोळी किंवा करंजाची पेंड दे. त्यातली द्रव्यं नत्राचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचा वेग कमी करतात, त्यामुळे खत मुळाशी जास्त दिवस टिकतं. 2015 पासून देशात युरियाही बहुतेक निंबोळीचा लेप देऊनच निघतो.

या हंगामात वाल महिनाभराचा झाला की एक झाड मातीसकट घेऊन माझ्याकडे ये. गाठ मी स्वतः फोडून दाखवतो.