कुंडीतील आजारी रोपाची शुश्रूषा

कामठीच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. अशा दिवसांत कुंडीतील जास्वंदाचे कोवळे रोप पिवळे पडले की आपण घाईने दोन तांबे पाणी ओततो, मूठभर युरिया टाकतो. रोपे पुष्कळदा या मायेनेच मरतात, असे आमचे निरीक्षण आहे.

पाने पाण्याच्या अभावाने पिवळी पडतात, तशीच जास्त पाण्यानेही. आपल्याकडील काळी माती ओली झाली की फुगून चिकट होते. कुंडीत मग मुळांना हवा मिळत नाही व ती कुजतात. कुजलेले मूळ पाणी ओढत नाही, म्हणून ओल्या मातीतही रोप कोमेजते.

प्रथम नखाने खोडाची साल हलकेच खरवडावी. आत हिरवे दिसल्यास रोप जिवंत आहे. नंतर बोट दोन पेरे मातीत घालावे. कोरडे लागले तर सावकाश, भरपूर पाणी द्यावे. चिखल लागला तर रोप अलगद काढून काळी, मऊ मुळे कापावीत. कुंडीच्या छिद्रावर खापर ठेवून काळी माती, रेती व कुजलेले शेणखत समभाग भरावे. दोन-तीन आठवडे कडक उन्हापासून जपावे. नवी पालवी फुटेपर्यंत रासायनिक खत देऊ नये. आजाऱ्याला पक्वान्न नव्हे, पेज मानवते.

विद्यार्थ्यांनी असे एक रोप घेऊन वहीत रोज नोंद ठेवावी. आधी कारण, मग उपाय, ही सवय अभ्यासातही उपयोगी पडेल.