विंचचा बिनतारी रिमोट

पारगाव नावाची दोन गावे आपल्या भागात आहेत. एक जुन्नर तालुक्यात, आळ्याच्या बाजूचे. दुसरे आंबेगाव तालुक्यात, अवसरीच्या बाजूचे. या दुसऱ्या पारगावाला, दत्तात्रयनगरला, भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. धरणे झाली, कालवे निघाले, ऊस आला. पाण्याबरोबर चिखलही आला. पाट फुटला की पाणंदीत चाक निम्मे बुडते. सकाळी दुधाचे कॅन घेऊन निघालेली जीप तिथेच बसते. दूध काही थांबत नाही, ते नासते.

म्हणून काही जण जीपला पुढे विंच बसवतात. विंच म्हणजे बॅटरीवर चालणारा छोटा रहाट. मोटेच्या काळी बैल नाडा ओढत. इथे मोटर फिरते आणि पोलादी दोर रिळावर गुंडाळते. दोराचा आकडा समोरच्या दणकट झाडाला पट्टा बांधून अडकवायचा. मग जीप स्वतःच स्वतःला ओढून बाहेर येते. मात्र भरलेली उसाची ट्रॉली याने ओढू नये. ते वजन त्याच्या आवाक्यातले नाही. आधी ट्रॉली रिकामी करावी, मग बघावे.

पूर्वी विंचचा रिमोट तारेचा असे. आता बिनतारी मिळतो. हातात मावेल एवढी डबी, तिला दोन बटणे. एक दोर ओढायचे, एक सोडायचे.

तारेशिवाय हे चालते कसे? नारायणगावजवळ खोडदला मोठमोठ्या तबकड्या आपण पाहिल्या आहेत. आसपासच्या गावांतल्या धरून त्या ३० आहेत, आणि एकेकीचा व्यास ४५ मीटर. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या ऐकतात. रिमोटमधून निघतात त्याही रेडिओ लहरीच. जीपवर बसवलेली पेटी त्या ऐकते आणि विंचला हुकूम देते. असा रिमोट विकायला केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची मंजुरी लागते. घेताना दुकानदाराला ती दाखवायला सांगा. खोडदच्या शेजाऱ्यांनी तर जरूर विचारावे.

आता मुख्य गोष्ट.

आमच्या ओळखीचा एक तरुण आहे. त्याने हौसेने बिनतारी रिमोट बसवला. एका संध्याकाळी जीप वर काढून झाली. दोर गुंडाळत आला होता. रिमोट त्याने विजारीच्या खिशात टाकला आणि आकडा जागेवर लावायला तो खाली वाकला. वाकताना खिशातले बटण दाबले गेले. विंच फिरला. आकडा बोटासकट रुळांत ओढला गेला. भाऊ शेजारीच उभा होता. तो ओरडला, "अरे बंद कर, बंद कर!" पण बंद करायचे काय? बटण खिशात, खिसा मांडीखाली दाबलेला. तो कसाबसा सरळ झाला तेव्हा बटण सुटले. तोवर बोटाचे एक पेर गेले होते.

आम्ही त्याला नंतर विचारले, तारेचा रिमोट होता तेव्हा असे का नाही झाले? तो म्हणाला, "तेव्हा काम झालं की मी प्लग काढून ठेवायचो."

हेच नीट समजून घ्यायचे आहे. तारेच्या रिमोटचा प्लग काढला की बटण दाबणारा हातच तुटतो. बिनतारी रिमोटला प्लग नाही. त्यामुळे विंच सदा जागा असतो. खिशात किल्ली दाबली गेली, पोराने खेळायला घेतला, तरी तो उठतो. मोबाईलवर चालणाऱ्या पंपाच्या स्टार्टरचेही तसेच आहे. बिबट्याच्या भीतीने रात्री रानात जायला नको म्हणून तो बरा. पण एक जण विहिरीत उतरून मोटर बघतोय आणि दुसऱ्याने घरून चालू केली, तर? म्हणून शहाणा माणूस आधी मेन स्विच पाडतो, मग उतरतो.

जीपलाही असाच मेन स्विच हवा. तो बॅटरीच्या लाल तारेवर, बॅटरी आणि विंच यांच्या मध्ये बसतो. तो पाडला की रिमोट कितीही दाबा, काही होत नाही. तो कुठे बसवायचा? बाहेरून उभ्या माणसाचा हात पटकन पोचेल तिथे, पण दोराच्या वाटेत नाही. घरच्या दिव्याचे बटण इथे चालणार नाही. पाच हॉर्सपॉवरचा पंप एका फेजला सात-आठ अँपिअर घेतो. विंचची बॅटरी फक्त १२ व्होल्टची, त्यामुळे पूर्ण ताण आला की मोठा विंच साडेतीनशे-चारशे अँपिअरसुद्धा ओढतो. हलका स्विच वितळेल, आग लागेल. विंचच्या कागदावर आकडा लिहिलेला असतो. तो वाचा आणि तेवढे सोसणाराच स्विच घ्या. आपल्याला आता वाचता येते, मग दुकानदार सांगेल त्यावर कशाला राहायचे?

बसवण्याचे काम मिस्त्रीकडून करून घ्या, पण शेजारी उभे राहा. त्याने हातातली अंगठी, कडे, घड्याळ काढले का ते बघा. बॅटरीची काळी तार आधी सोडायची, लाल नंतर. जोडताना उलटे, लाल आधी आणि काळी शेवटी. काळी जोडलेली असताना लाल सोडायला गेलो आणि पाना गाडीच्या पत्र्याला लागला, तर मोठी ठिणगी पडते.

पेटी सायलेन्सरपासून आणि इंजिनाच्या तापापासून लांब हवी. फार खालीही नको, चिखलपाणी शिरते. तिची लहरी ऐकणारी बारीक तार लोखंडाला गुंडाळू नये, नाहीतर तिला ऐकू कमी येते. पेटीच्या बाकीच्या बारीक तारा विंचच्या कॉन्टॅक्टरला जोडायच्या. पंपाच्या स्टार्टरमध्ये 'ठक' वाजतो तोच कॉन्टॅक्टर. जड करंट त्यातून जातो, बारीक तारांतून नाही. तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात. शेजाऱ्याच्या जीपवरून नक्कल करू नका, कागद बघा. पत्र्याच्या भोकातून तार जाते तिथे रबरी वेटोळे घाला. हादऱ्याने पत्रा तार कापतो. हे रबर दोन-चार रुपयांचे, आणि नेमके तेच राहून जाते.

एक गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ बांधणीत मनाने बदल करता येत नाही. गाडीपुढे लावायच्या लोखंडी दांड्यांवर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये कारवाई करायला सांगितले होते. विंचसाठी पुढे सांगाडा ठोकण्याआधी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

आता चाचणी. आधी विंचचा क्लच सोडा, म्हणजे मोटर फिरेल पण रीळ फिरणार नाही. मेन स्विच चालू करा. बटण दाबा. मोटर फिरली पाहिजे. बटण सोडा. त्याच क्षणी थांबली पाहिजे. थोडी जरी रेंगाळली तरी तो रिमोट वापरू नका, परत करा. मग बटण दाबून ठेवूनच लांब चालत जा. लहर पोचेनाशी झाली की मोटर आपोआप थांबायला हवी. हे झाल्यावर क्लच लावा आणि मोकळा दोर थोडा सोडून-ओढून बघा. 'ओढ' दाबल्यावर दोर सुटत असेल, तर दोन तारा उलट्या लागल्या आहेत. "चालतंय की, आपण लक्षात ठेवू," असे म्हणू नका. चिखलात, अंधारात, घाईत ते लक्षात राहत नाही.

वापरताना दोराच्या रेषेत कोणी उभे राहू नये. ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा येतो. दोरावर मध्यभागी ओले पोते किंवा जाड घोंगडी टाका, म्हणजे तुटला तरी खाली बसतो. पोलादी दोराचे निदान पाच वेढे रिळावर राहू द्या. सगळा दोर सोडला तर टोक निसटते. आकडा हाताळताना जाड हातमोजे घाला, आणि आकड्याला हातभर पट्टी बांधून ती पट्टी धरा, आकडा नको. बिनतारी रिमोट आहे म्हणून दूर बांधावर जाऊन बसायचे नाही. दोर आणि माणसे दोन्ही दिसतील, पण दोर तुटला तरी लागणार नाही, अशा जागी उभे राहा. विहिरीवरच्या यारीचा माणूस बघा. खाली उतरलेल्याची हाक ऐकल्याशिवाय तो दांडा हलवत नाही.

काम झाले की आधी मेन स्विच पाडा, मग आकड्याला हात लावा. आमच्या त्या ओळखीच्या तरुणाने आता स्विच बसवला आहे, लाल रंगाचा. दुधाच्या गाडीवर चढणाऱ्या पोरांनाही त्याने तो दाखवून ठेवला आहे. रिमोट तो खिशात ठेवत नाही, गळ्यातही अडकवत नाही. जीपमध्ये एका खिळ्याला टांगतो. आणि जुना तारेचा रिमोट त्याने फेकला नाही. बिनतारी डबीतला सेल नेमका पावसातच संपतो, म्हणून तो सीटखाली फडक्यात गुंडाळून ठेवलेला असतो.