फिरणारा डेस्कटॉप कशासाठी?

प्रश्न : मी हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम करतो. आमच्या प्रॉडक्टमधली शोभेची फीचर्स, फार कोणी वापरत नाही म्हणून, काढून टाकायचं चाललं आहे. मग लिनक्सवर ओढली की डुलणारी विंडो आणि गरगर फिरणारा घनाकार डेस्कटॉप अजून का जपतात?
– एक वाचक, वाकड

उत्तर : तो घन अखंड टिकलेला नाही. २००६ साली 'कॉम्पिझ' या विंडो मॅनेजरमुळे तो गाजला, मग केडीई या लिनक्स प्रकल्पाच्या डेस्कटॉपवरही आला आणि त्या डेस्कटॉपच्या 'प्लाझ्मा ५' या आवृत्तीच्या उत्तरार्धात काढला गेला. जुना कोड सांभाळणं जड झालं, हे त्याचं कारण. निरुपयोगी म्हणून कोणी तो काढला नव्हता. लोक मागत राहिले आणि २८ फेब्रुवारी २०२४ च्या प्लाझ्मा ६ मध्ये तो नव्याने लिहून परत आणला.

'किती जण वापरतात?' एवढ्यावर निकाल देणं मला मान्य नाही. मॅकवर मिनिमाइझ केलेली विंडो चिंचोळी होत डॉकमध्ये शिरते. दिसायला ही गंमत, पण विंडो गेली कुठे ते डोळ्यांना कळतं. माउस जोरात हलवला की मोठा होणारा बाण किती कामाचा, हे दोन मॉनिटर लावणाऱ्याला विचारा.

माझं सर्वांत आवडतं उदाहरण 'एक्सआइज'चं. कर्सरकडे टक लावून पाहणारे दोन डोळे, १९८० च्या दशकातला निव्वळ खेळ. लिनक्सवर पडद्यावर विंडो दाखवणारी 'वेलँड' ही नवी व्यवस्था आल्यावर प्रोग्रामर तोच उघडून एखादी विंडो जुन्या एक्स ११ च्या आधाराने चालते का, ते तपासू लागले. कर्सर अस्सल वेलँड विंडोवर गेला की डोळे थबकतात! हा उपयोग आधी कोणाला सुचणार होता?

सगळंच ठेवा, असं मी म्हणत नाही. हलत्या पडद्याने काहींना गरगरतं, म्हणून हालचाल बंद करण्याची सोय हवीच. फीचर मूळ कोडपासून वेगळं ठेवावं, म्हणजे ते बिघडलं तरी बाकीचं चालू राहतं. काढताना घाई मात्र नको: विंडोज ११ मध्ये २०२१ साली फाइल टास्कबारवर ओढून नेण्याची सोय गेली आणि पुढच्याच वर्षी ती परत द्यावी लागली. तुमच्या मीटिंगमध्ये वापराच्या आकड्याशेजारी देखभालीचे तासही मांडा. ते नगण्य असतील, तर फीचर राहू द्या.