आठवायचं कसं, विसरायचं कसं

चि. ओंकार यास,


घरमालकीणबाई परवा म्हणाल्या, ‘रिमेंबर मी टु युअर आंट’, आणि आजीबाई ‘मला विसरू नका’ असं का विनवताहेत, हे चिरंजीवांना कळेना! अरे, जुन्या वळणाचे इंग्रज ‘आत्याला माझा नमस्कार सांग’ हे असंच म्हणतात.

मराठी माणूस इथे अडखळतो तो व्याकरणामुळे. मराठीत आठवण आपण होऊन येते: ‘मला आठवतं’. विसरणं मात्र माणसाच्या नावावर: ‘मी विसरलो’. इंग्रजीत दोन्हीकडे कर्ता ‘आय’च. शिवाय दुसऱ्याला आठवण करून द्यायची तर ‘रिमेंबर’ चालत नाही, ‘रिमाइंड’ लागतं. कुलूप ‘लावायचं’ लक्षात ठेवणं म्हणजे ‘रिमेंबर टु लॉक’. ‘लावल्याचं’ आठवणं म्हणजे ‘रिमेंबर लॉकिंग’. आपले प्रत्यय करतात ते काम तिथे ‘टु’ आणि ‘इंग’ करतात. आणि छत्री बसमध्ये राहिली, तर ‘फरगॉट’पेक्षा ‘आय लेफ्ट इट ऑन द बस’ म्हणावं.

पाठांतर आपल्याकडे तोंडात नाहीतर कंठात राहतं, इंग्रजांकडे काळजात. ‘बाय हार्ट’ 14व्या शतकातल्या चॉसरच्या काव्यातही आहे. मात्र ‘बायहार्ट करणं’ हा आपल्या शाळांचा प्रयोग. तिकडे ‘लर्न बाय हार्ट’.

शब्द ओठांवर येऊन अडला, की इंग्रजीत तो जिभेच्या टोकावर असतो: ‘ऑन द टिप ऑफ माय टंग’. रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅक्नील या मानसशास्त्रज्ञांनी 1966 साली यावर प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना दुर्मीळ शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या. शब्द सुचत नव्हता त्यांनाही पुष्कळदा त्याचं पहिलं अक्षर बरोबर सांगता आलं! तेव्हा अडलास तर गप्प बसू नकोस. आठवतंय तेवढं सांग, उरलेलं समोरचा पुरवील.

काहीच आठवलं नाही, तर ‘आय ड्रू अ ब्लँक’. सोडतीत बक्षीस नसलेली चिठ्ठी कोरी निघायची, तिथून हा प्रयोग आला. नाव नुसतं ओळखीचं वाटलं, तर ‘इट रिंग्ज अ बेल’.

आता ‘इट स्लिप्ड माय माइंड’. यात चूक माणसाची नाही, निसटणाऱ्या गोष्टीची! आपलं ‘डोक्यातून निसटलं’ त्याचंच भावंड. दूध आणायचं राहिलं तर खुशाल म्हण. खोलीचं भाडं राहिलं, तर सरळ ‘आय फरगॉट, आय एम सॉरी’. तिथे कर्ता लपवू नये.

आणि बाईंना उलट निरोप दे: ‘माय आंट आस्क्ड टु बी रिमेंबर्ड टु यू.’ पुढच्या खेपेला त्यांच्यासाठी गोडा मसाला पाठवते आहे.

तुझी,
आत्या