धुळीची वाट उपग्रहातून दिसते

दम्याचे रुग्ण मला नेहमी विचारतात, "डॉक्टर, आपल्या वारूळवाडीत कुठे आले मुंबईसारखे प्रदूषण? मग आम्हाला धाप का लागते?" याची कारणे अनेक आहेत. त्यांतले एक म्हणजे हवेला शीव नसते. दूरची धूळ आणि धूर वाऱ्याबरोबर आपल्यापर्यंत येऊ शकतात.

२३ जानेवारी २०२२ चा रविवार आठवा. मुंबई-पुण्याचे आकाश दिवसभर धुरकट होते आणि मुंबईत उभ्या मोटारींवर पांढरट धूळ बसली होती. ही धूळ पाकिस्तानच्या बाजूने अरबी समुद्र ओलांडून आली होती. कराची ते मुंबई अंतर सुमारे ९०० किलोमीटर! तिचा हा प्रवास उपग्रहांच्या चित्रांत दिसला.

भारताचा इन्सॅट-३डी हा उपग्रह २०१३ साली सोडण्यात आला. असे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून आपल्या देशाची चित्रे दर अर्ध्या तासाने घेतात. चित्रे ओळीने पाहिली की धुळीचा पट्टा कोणत्या दिशेने सरकतो ते कळते. रात्री उष्णतेचे, म्हणजे अवरक्त किरण उपयोगी पडतात. धूळ आणि ढग हे किरण वेगवेगळ्या प्रकारे शोषतात, म्हणून दोन्ही निराळे ओळखता येतात. दिवसाच्या चित्रात धूळ पिवळसर चादरीसारखी पसरलेली दिसते, तर वणव्याचा धूर एका ठिकाणाहून निघणाऱ्या निळसर-करड्या शेपटीसारखा दिसतो.

उन्हाळ्यात आपल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांवर गवत पेटते. अशा आगीची उष्णता काही उपग्रह टिपतात आणि देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था त्यावरून मोबाईलवर सूचना पाठवते. जून २०२३ मध्ये कॅनडातील वणव्यांचा धूर न्यूयॉर्कपर्यंत गेला, तेव्हा त्याची वाटही अशीच पाहिली गेली. ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी फोनवर हे ऐकले असेलच.

मात्र उपग्रह वरून पाहतो. धूळ दोन-तीन किलोमीटर उंचीवर आहे की आपल्या नाकापाशी, हे नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही. ढगाखालचे त्याला दिसत नाही आणि घरातल्या चुलीचा धूर तर मुळीच नाही. त्यासाठी जमिनीवरची यंत्रे लागतात. त्यांच्या मोजमापावरून हवेचा निर्देशांक ठरतो. तो २०० च्या वर गेला की हवा 'वाईट' समजावी. जवळ यंत्र नसेल तर डोळ्यांचा उपयोग करा. रोज स्पष्ट दिसणारा नारायणगड भर दुपारीही दिसेनासा झाला, तर सावध व्हा.

मोठे कण नाक-घशात अडकतात. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही बारीक, थेट फुप्फुसाच्या वायुकोशांत उतरतात. दमेकरी, हृदयरोगी, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना त्यांचा त्रास अधिक होतो.

अशा दिवसांत पुढील काळजी घ्यावी :

१) दारे-खिडक्या लावून घ्याव्यात. कोरडा केर काढू नये, ओल्या फडक्याने पुसावे.

२) शेतातली कष्टाची कामे शक्य तर पुढे ढकलावीत. बाहेर जावेच लागले तर नाकातोंडाला घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा. रुमालाने बारीक कण अडत नाहीत.

३) दम्याचा रोजचा पंप बंद करू नये. तातडीचा पंप खिशात ठेवावा.

४) उसाचे पाचट आणि कचरा जाळू नये. बाहेरच्या धुळीत घरचा धूर मिसळू नये.

बोलताना एक वाक्यही पुरे होत नसेल, ओठ निळे पडत असतील किंवा पंप घेऊनही आराम वाटत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्या. धुळीची बातमी आदल्या दिवशी कळली, तर पंप संपला आहे का एवढे त्याच संध्याकाळी पाहून ठेवा.