बुधवारचा बाजार आणि ओझ्याचे अर्थशास्त्र

मागील वर्षी अर्थशास्त्राच्या पहिल्याच तासाला सरांनी आम्हाला एक साधा प्रश्न विचारला होता, "वस्तूची किंमत म्हणजे काय?" वस्तूच्या मोबदल्यात आपण विक्रेत्याला जे पैसे देतो ती किंमत, असे उत्तर मी दिले. सरांनी मान हलवली आणि तास पुढे सरकला. परीक्षेतही मी तेच लिहिले व त्याला गुणही मिळाले. परंतु आमच्या घरातील किराणा-बाजाराचा हिशेब प्रत्यक्ष ठेवू लागल्यावर हे उत्तर अपुरे आहे, असे माझ्या ध्यानात आले. ज्या घरात मोटार नाही, मोटारसायकलही नाही, त्या घराने रोजचे मीठ-मिरची कसे आणावे, हा विषय कोणाला क्षुल्लक वाटेल. तथापि या क्षुल्लक वाटणाऱ्या व्यवहारात अर्थशास्त्र व भूगोल ही दोन्ही शास्त्रे भरलेली आहेत, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

आमची वाडी कुडाळ तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी आहे. वाडीपासून एस.टी. थांबते तो तिठा अडीच किलोमीटर, आणि तिठ्यापासून कुडाळ अकरा किलोमीटर. वाडीपर्यंतचा रस्ता कच्चा असून मध्ये व्हाळ लागतो. व्हाळावर साकव आहे, त्यावरून माणूस जातो, गाडी जात नाही. पावसाळा सोडला तर व्हाळाच्या पात्रातून टेम्पो येऊ शकतो. घरात आई, आजी, धाकटा भाऊ आणि मी. वडील नोकरीनिमित्त मुंबईस असतात. भूगोल एवढाच, पण आमच्या स्वयंपाकघरातील प्रत्येक डबा या भूगोलाप्रमाणे भरतो.

बाजाराचे वार

आमच्या जिल्ह्यात बाजाराला वार असतात. सोमवारी बांदा व मालवण, मंगळवारी सावंतवाडी व कणकवली, बुधवारी कुडाळ. शेजारच्या गोव्यात म्हापशाचा शुक्रवार प्रसिद्ध आहे. मिरची, लसूण, सुकी मासळी किंवा कपडे विकणारे कित्येक विक्रेते यांपैकी दोन-तीन बाजार आठवड्यात फिरतात. लहानपणी मला वाटे की हे वार देवाने नेमून दिले असावेत. त्यामागील कारण मला भूगोलाच्या पुस्तकात सापडले.

वाल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३ साली मध्यवर्ती स्थळांचा सिद्धांत मांडला. त्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक, दुकान चालण्यासाठी किमान काही ग्राहक असावे लागतात. दुसरी, एखाद्या वस्तूसाठी ग्राहक एका ठराविक अंतरापलीकडे जात नाही. आता ग्राहक पायी चालणारे असतील तर ते लांबून येऊ शकत नाहीत; आणि जवळचे ग्राहक रोज दुकान चालवण्याइतके नसतात. अशा वेळी दुकानानेच चालावे लागते. विक्रेता आज या गावी, उद्या त्या गावी जातो आणि सात दिवसांत मिळून त्याचे पोट भरेल इतके ग्राहक गोळा करतो. आठवड्याचा बाजार ही वाहन नसलेल्या माणसांसाठी उभी राहिलेली व्यवस्था आहे. सकाळी सायकलवरून भोंगा वाजवीत येणारा पाववाला आणि दारात येणारी मासळीवाली हीसुद्धा याच व्यवस्थेची धाकटी भावंडे होत.

वहीतला हिशेब

वाडीत एक दुकान आहे. तेथे साखर, तेल, डाळ, साबण सर्व मिळते; पण कुडाळपेक्षा महाग. मी कॉलेजात जाऊ लागल्यावर आईला एकदा शहाणपण शिकवले की, "तू वाडीतल्या दुकानातून घेतेस म्हणजे पैसे फुकट घालवतेस." आई भाकरी थापीत होती. ती एवढेच म्हणाली, "आधी ओझां कोण व्हरतलो ता सांग, मगे स्वस्त काय म्हाग ता बघूया."

त्या बोलण्याने मला जरा राग आला. आपले म्हणणे खरे करून दाखवावे म्हणून गेल्या पावसाळ्यानंतर मी एक वही घातली. बाजारातून काय आणले, त्याचे वजन किती, कुडाळचा भाव काय, वाडीचा भाव काय आणि एकंदर वेळ किती गेला, हे दर बुधवारी लिहू लागले. त्यातील एका बुधवारची यादी नमुन्यादाखल देते. साखर २ किलो, तेल १ लिटर, तूरडाळ १ किलो, कांदे ३ किलो, बटाटे २ किलो, गूळ १ किलो, कपड्यांचा साबण व पावडर मिळून १ किलो, आणि भाजी २ किलो. एकूण ओझे सुमारे १३ किलो. हाच माल वाडीत घेतला असता तर ७० रुपये जास्त पडले असते. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. ते जाऊन-येऊन २० रुपये झाले. म्हणजे बचत ५० रुपये. वेळ मात्र घरातून निघाल्यापासून घरी पोहोचेपर्यंत सहा तास. तासाला आठ रुपये काही पैसे! शेतावर कामाला गेलेल्या बाईच्या रोजाशी याची तुलनाही करता येणार नाही.

गॅरी बेकर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६५ साली वेळेच्या वाटपाविषयी एक महत्त्वाचा निबंध लिहिला. वस्तूची पूर्ण किंमत काढताना पैशांबरोबर तिच्यासाठी खर्च झालेला वेळही धरला पाहिजे, असे त्याचे प्रतिपादन आहे. हे सरांनी वर्गात सांगितले तेव्हा मला माझी वही आठवली. मात्र आईच्या हिशेबात वेळेखेरीज आणखी एक रकाना आहे, आणि तो वजनाचा. तिठ्यापासून घरापर्यंतचे अडीच किलोमीटर १३ किलो घेऊन चालताना पहिला किलो आणि तेरावा किलो सारखे नसतात. शेवटच्या चढावर तेरावा किलो सर्वांत महाग पडतो. वाडीचा दुकानदार जे जास्त पैसे घेतो त्यात हा चढही आला, आणि महिनाअखेरपर्यंत वहीवर मांडून ठेवलेली उधारीही आली. त्याला मी लुबाडणारा समजत होते, ते बरोबर नव्हते.

वजनामुळे आणखीही दोन तोटे होतात. तेलाचा पाच लिटरचा डबा घेतला तर लिटरमागे स्वस्त पडतो. पण तो उचलायचा कोणी? म्हणून आम्ही एकेक लिटर घेतो. दुसरे असे की, बाजार मोडण्याच्या वेळी भाजीचे भाव उतरतात. उरलेला माल परत नेण्यापेक्षा विक्रेता तो कमी दराने देतो. पण आमच्या वाटेची सोयीची गाडी त्यापूर्वीच सुटते. उतरलेल्या भावाचा लाभ ज्याच्या दारात गाडी उभी आहे त्यालाच अधिक मिळतो.

रेशनचे धान्य हा ओझ्याचा स्वतंत्र धडा आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटातील कुटुंबास माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. आमच्या कार्डावर चार नावे आहेत, म्हणजे २० किलो. धान्य फुकट, पण दुकान गावाच्या दुसऱ्या टोकाला असल्यामुळे आई ते दोन खेपांत आणते. ज्या वस्तूची किंमत शून्य आहे तीसुद्धा घरी फुकट पोहोचत नाही.

बेगमी

या सर्व अडचणींवर कोकणातील माणसांनी फार जुन्या काळापासून एक तोड काढली आहे. ती म्हणजे पावसाळ्याची बेगमी. मे महिन्यात व्हाळ कोरडा असतो. तेव्हा चार घरे मिळून एक टेम्पो ठरवतात. खडेमीठ, मिरची, धने, हळद, तूरडाळ, गूळ, कांदे, लसूण, खारे बांगडे, सुका जवळा असे जे टिकणारे आणि जड आहे ते सर्व एका खेपेत येते. मसाला कुटून बरण्यांत भरला जातो, मासळीला उन्हे दाखवली जातात, कांद्याच्या माळा आढ्याला टांगल्या जातात. मग जून ते सप्टेंबर डोक्यावरून आणायचे ते फक्त हलके आणि नाशवंत. ज्या दिवसांत वाट चांगली त्या दिवसांत जड आणावे, वाट वाईट असेल तेव्हा हलके आणावे, हे सूत्र त्यात आहे. अर्थात मे महिन्यात एकदम पैसे उभे करावे लागतात, आणि ज्यांना ते जमत नाही त्यांना भर पावसात किलो-किलोने आणावे लागते. बेगमी हे आमच्याकडे ऐपतीचे मापही आहे.

आईचे नियम

वही भरत असताना आईचे काही नियम मला दिसू लागले. तिने ते कधी नियम म्हणून सांगितले नाहीत. मी ते उतरवून घेतले, ते असे:

१) बाजारात शिरल्यावर एक फेरी रिकाम्या हाताने मारावी. भाव पाहावेत, घ्यावे काही नाही.

२) हलके आधी घ्यावे, जड शेवटी. कांदे-बटाटे स्टँडजवळच्या विक्रेत्याकडून घ्यावेत, भले रुपया जास्त पडो.

३) एका मोठ्या पिशवीपेक्षा सारख्या वजनाच्या दोन बऱ्या. एका हाताला ओढ बसली की वाट लांब होते.

४) डोक्यावर घ्यायचे तर चुंबळ घरूनच न्यावी. पदराची चुंबळ अर्ध्या वाटेत सुटते.

५) एका खेपेत तीन कामे व्हावीत. बँक, औषध आणि बाजार एकाच बुधवारी.

६) जाताना रिकामे जाऊ नये.

हा सहावा नियम मला समजला नव्हता. तो समजण्यास एक प्रसंग घडावा लागला.

हिशेबात न बसलेली गोष्ट

गेल्या दिवाळीनंतर आईचा गुडघा दुखू लागला. डॉक्टरांनी ओझे उचलू नका म्हणून सांगितले. मी कॉलेजसाठी रोज कुडाळला येतेच, तेव्हा बाजार मीच आणीन असे मी ठरवले. रोज दोन-तीन किलो पुस्तकांच्या पिशवीतून नेले की आठवड्याचे ओझे विभागले जाते, बुधवारचे सहा तास वाचतात आणि भाव कुडाळचाच मिळतो. कागदावर हा उपाय नामी होता. पहिल्या काही दिवशी मैत्रिणींसमोर पिशवीतून कांद्याची पात बाहेर डोकावली तेव्हा मला लाज वाटली, हे कबूल करते. पुढे ती गेली. माझ्यासारख्या आणखी तिघींच्या पिशवीत भाजी असते असे मला कळले.

महिनाभर असे चालले. वहीतले आकडे उत्तम होते. पण आई गप्प गप्प राहू लागली. एकदा मी विचारले तेव्हा म्हणाली, "बाजाराक गेलंय काय चार माणसां भेटतत." आणि मग हळूच, आपल्या हाती आता चार पैसेही नसतात, असे तिने सांगितले. तेव्हा मला उमगले. आई बाजाराला जाताना हाऱ्यातून नारळ, सोलं, परसातली भाजी, हंगामात काजू घेऊन जात असे. ते विकून आलेले पैसे तिचे स्वतःचे. आजीची औषधे, भावाची पट्टी-पेन्सिल, माझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या वह्या त्यातून आल्या होत्या. माझ्या वहीत खरेदीचे सगळे रकाने होते. विक्रीचा एकही नव्हता. सहा तासांत पन्नास रुपये वाचतात असे मी लिहिले होते, पण त्याच सहा तासांत ती काय कमावते हे मी विचारलेच नव्हते. मी तिचे ओझे उतरवले आणि त्याबरोबर तिची कमाई आणि तिचा बुधवारही उतरवला.

त्यानंतर आम्ही नवी व्यवस्था बसवली. जड वस्तू आठवडाभरात मी थोड्या थोड्या नेते. बुधवारी आई येते, पण हाऱ्यात दोन-तीन किलोच माल असतो, आणि तिठ्यापर्यंत तो भाऊ आणून देतो. तास संपले की मी बाजारात तिच्याजवळ जाते. उरलेला बाजार आम्ही दोघी मिळून करतो. परतताना पिशव्या माझ्या हातात असतात आणि रिकामा हारा तिच्या काखेत. साकवापाशी आम्ही थोडा वेळ बसतो. आता गाडीच्या सोयीसाठी मला शेवटचा एक तास कधीकधी सोडावा लागतो. त्याबद्दल सरांनी क्षमा करावी.

साकवाच्या जागी पूल झाला तर आमच्या वाडीचे अर्धे ओझे कमी होईल, यात शंका नाही, आणि तो व्हावा. पण तोपर्यंत, आणि त्यानंतरही, कुटुंबाच्या खर्चाचा अभ्यास करणाऱ्याने आपल्या तक्त्यात आणखी दोन रकाने घालावेत अशी माझी नम्र सूचना आहे. एक, माल घरी कोणी वाहून आणला. दुसरा, आणणारी व्यक्ती जाताना काय घेऊन गेली होती. माझ्या वहीत ते मी आता आखले आहेत. पहिल्या रकान्यात गेले चार महिने माझे नाव आहे, आणि दुसऱ्यात आईचे.