सावधगिरी की शिक्षा?



निर्गमच्या पुस्तकाचा पहिला अध्याय आपण घाईने वाचतो, कारण दुसऱ्या अध्यायात बाळ मोशेची टोपली आपली वाट पाहत असते. पण त्या पहिल्या अध्यायात एक नवा राजा गादीवर येतो आणि त्याला योसेफ ठाऊक नसतो. दुष्काळात ज्याने सारा इजिप्त देश जगवला, त्याच योसेफाचे भाऊबंद या राजाला आता परके वाटू लागतात. उद्या लढाई जुंपली तर हे लोक शत्रूला जाऊन मिळतील, अशी भीती तो आपल्या माणसांपुढे बोलून दाखवतो. लढाई अजून झालेली नाही आणि फितुरी कुणीही केलेली नाही. तरीही वेठबिगारी सुरू होते.

आजच्या पाठासाठी आम्ही विषय घेतला आहे तो हाच: युद्धाच्या वेळी सरकारने आपल्याच देशात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या, पण मुळात बाहेरून आलेल्या समाजाला कोंडून ठेवणे. अमेरिकेतील जपानी लोकांची हकिकत पुष्कळांना माहीत असते. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका हुकमावर सही केली आणि सुमारे १,२०,००० जपानी वंशाची माणसे छावण्यांत गेली. त्यांतील बहुतेक जण जन्माने अमेरिकन नागरिक होते. आपल्या देशातही असे घडले आहे, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानावर आले असेल. शाळेच्या इतिहासात तो धडा नाही.

१९६२ सालची गोष्ट. ११ ऑक्टोबरला रोममध्ये पोप तेविसावे जॉन यांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे उद्‌घाटन केले आणि त्यानंतर नवव्या दिवशी, २० ऑक्टोबरला, चीनच्या फौजा आपल्या हद्दीत घुसल्या. २६ ऑक्टोबरला देशात आणीबाणी जाहीर झाली. तेव्हा आपल्या देशात चिनी वंशाचे लोक हजारोंनी राहत होते. कोलकात्यात ते अठराव्या शतकापासून होते. आसामात ब्रिटिशांनी चहाच्या मळ्यांसाठी त्यांना आणले होते. तिनसुकियाजवळच्या माकूम गावात तर त्यांची मोठी वस्ती होती. कुणी सुतार, कुणी चांभारकाम करणारे, कुणी दातांचे डॉक्टर, कुणी हॉटेलवाले. अनेकांनी आसामी, नेपाळी, खासी मुलींशी लग्ने केली होती. मुले आसामी बोलत, हिंदी बोलत आणि चीन हा देश त्यांनी नकाशातच पाहिलेला होता. आपल्या मुंबईतही माझगावला १९१९ साली बांधलेले चिनी देऊळ आजही आहे.

१९ नोव्हेंबर १९६२ रोजी आसामात धरपकड सुरू झाली. थोड्या दिवसांसाठी चला, सोबत जुजबी सामान घ्या, असे सांगून पोलिसांनी माणसे घरातून उचलली. आधी तुरुंगात आणि मग आगगाडीने सुमारे सात दिवसांचा प्रवास करून राजस्थानातील देवली येथे. (आपल्या वर्धा जिल्ह्यातली देवळी नव्हे; ही टोंक जिल्ह्यातली.) तेथे ब्रिटिशांच्या वेळची छावणी होती. १९४१ साली जयप्रकाश नारायण आणि आपल्या महाराष्ट्राचे कॉम्रेड डांगे यांना इंग्रज सरकारने तेथेच ठेवले होते. स्वतंत्र भारताच्या सरकारने आता त्याच छावणीत सुमारे ३,००० माणसे आणून ठेवली. त्यांत म्हातारे होते, शाळेतली पोरे होती, पोटुशा बाया होत्या. काही मुलांचा जन्म छावणीतच झाला. त्यांच्यापैकी एक जॉय मा. त्यांनी मुंबईचे लेखक दिलीप डिसोझा यांच्याबरोबर २०२० साली 'द देवलीवालाज' हे इंग्रजी पुस्तक लिहिले. त्याआधी, २०१० साली, रीता चौधुरी यांची 'माकाम' ही आसामी कादंबरी आली आणि आसामच्या लोकांना स्वतःच्या शेजाऱ्यांची आठवण झाली.

जेथे नवरा चिनी आणि बायको आसामी, तेथे घर मधोमध चिरले गेले. कुणाची आई मागे राहिली, कुणी लेकरांसाठी स्वतःहून गाडीत चढली. मागे राहिलेली घरेदारे, दुकाने लुटली गेली किंवा सरकारने शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतली.

आता कायद्याचे पाहू, कारण तेथेच खरी मेख आहे. परकीयांविषयीच्या कायद्यात त्या वर्षी दुरुस्ती झाली. जन्माच्या वेळी जो शत्रुराष्ट्राचा प्रजाजन होता, त्याने पुढे रीतसर भारतीय नागरिकत्व घेतले असले तरी तो परकीयांच्या नियमात येऊ लागला. पुढच्या आदेशांत आईबाप किंवा आजीआजोबा यांच्यापैकी कुणी एक जरी कधीकाळी तसा असला तरी तेवढ्यावर निर्बंध लागू झाले. म्हणजे तू काय केलेस, हा प्रश्न सरकारने विचारायचे सोडून दिले. तुझा आजा कोण, एवढेच विचारले. न्यायालयाची दारे आणीबाणीमुळे जवळजवळ बंद होती. खटला नाही, साक्षीपुरावा नाही.

सरकारची बाजू आपण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. नोव्हेंबरमध्ये बोमडिला पडले होते, तेजपूर शहर रिकामे होत होते. उद्या काय होईल हे दिल्लीलाही ठाऊक नव्हते. अशा वेळी राज्यकर्ता म्हणेल की, आम्ही कुणाला शिक्षा देत नाही, फक्त खबरदारी घेतो आहोत. या म्हणण्यात तथ्य आहे. सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस अभ्यासला तेव्हा हा भेद शिकलो होतो. दोष नसताना शिक्षा देता येत नाही, असे थॉमस सांगतात. पण योग्य कारण असेल तर दोष नसलेल्यालाही काही गोष्टींना मुकावे लागू शकते, हेही ते मान्य करतात. साथ आली की निरोगी माणसालाही घरी बसवतात. त्याला आपण शिक्षा म्हणत नाही.

मग खबरदारी कोठे संपते आणि शिक्षा कोठे सुरू होते? आमच्या मते दोन गोष्टी पाहाव्या लागतात. कारण त्या माणसाशी जोडलेले असले पाहिजे. केवळ त्याच्या रक्ताशी नव्हे. आणि धोका सरला की कुलूप निघाले पाहिजे. देवलीला या दोन्ही कसोट्या लावून पाहा. सहा वर्षांच्या मुलीकडून लष्कराला कोणता धोका होता? आणि चीनने युद्धबंदी जाहीर केली २१ नोव्हेंबर १९६२ रोजी. माकूमची माणसे उचलली गेल्याला तेव्हा जेमतेम दोन दिवस झाले होते. लढाई थांबल्यावर सात दिवसांची ती गाडी धावली! छावणीतली शेवटची माणसे सुटली १९६७ साली. जी खबरदारी युद्धानंतर साडेचार वर्षे टिकते, तिला आम्ही दुसरे नाव शोधू शकत नाही.

दरम्यान, १९६३ साली चीनने जहाजे पाठवली आणि मद्रासच्या बंदरातून दोन हजारांहून अधिक लोक चीनला गेले. जायचे की राहायचे हे त्यांनी स्वतः ठरवले, असे कागदोपत्री म्हणता येईल. परंतु छावणीत बसलेल्या, घर गमावलेल्या माणसाच्या होकाराला किती वजन द्यावे? ज्यांनी चीन पाहिला नव्हता ते 'मायदेशी' गेले आणि तेथे त्यांना भारतातून आलेले परके म्हणून वागवले गेले. त्याच वर्षी ११ एप्रिलला पोप जॉन यांचे 'पाचेम इन तेर्रिस' हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. माणसाचे हक्क त्याला सरकारने बहाल केलेले नसतात, तो माणूस आहे म्हणूनच ते त्याचे असतात, हा त्याचा गाभा. त्या दिवशी देवलीची छावणी भरलेली होती.

येथे सोलापूरची आठवण होते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. १९३८ साली ते चीनला गेले, जखमी चिनी सैनिकांची सेवा केली, चिनी मुलीशी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी तेथेच वारले. बरोबर वीस वर्षांनी, १९६२ च्या डिसेंबरात, त्यांच्या देशात चिनी चेहरा असणे हाच अपराध झाला होता. फारोला योसेफ ठाऊक नव्हता, तसेच हे.

अमेरिकेने १९८८ साली कायदा करून माफी मागितली आणि छावणीत राहिलेल्या हयात व्यक्तींना प्रत्येकी २०,००० डॉलर दिले. देवलीतील अनेक कुटुंबे पुढे कॅनडात, टोरांटोच्या परिसरात स्थायिक झाली. त्यांनी संघटना केली आणि भारत सरकारकडे माफीची मागणी केली. जे झाले ते चुकीचे होते एवढे शब्द त्यांना हवे आहेत. ते शब्द अजून आलेले नाहीत.

आपल्या ख्रिस्तसभेलाही हा अनुभव नवा नाही. पहिल्या महायुद्धापूर्वी मुंबई-पुणे मिशनचा भार जर्मन येशूसंघीयांवर होता. १९१४ साली युद्ध पेटले आणि शाळा-कॉलेजांत शिकवणारे हे धर्मगुरू एका रात्रीत शत्रुदेशीय ठरले. अनेकांना स्थानबद्ध केले गेले, पुढे बहुतेकांना जहाजाने परत पाठवले. अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) तेव्हा अशा लोकांची मोठी छावणी होती. दुसऱ्या महायुद्धात पुरंदर किल्ल्यावर तर हिटलरच्या जाचातून पळून आलेले ज्यू लोकही ठेवले होते, कारण त्यांच्याकडे जर्मन पासपोर्ट होता! ज्याच्यापासून पळाले त्याचेच हेर समजले गेले. पण ते सरकार ब्रिटिशांचे होते, असे म्हणून आपण सुटू शकतो. १९६२ बाबत तसे म्हणता येत नाही. आणि १९४८ बाबतही नाही.

कारण आता आपण नांदेड-लातूरला येतो. १७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो आणि तो अभिमानाचा दिवस आहे. रझाकारांनी काय केले हे येथील गावांना सांगावे लागत नाही. कासीम रझवी लातूरलाच वकिली करीत असे. गोविंदराव पानसरे यांचा खून १९४६ साली बिलोली भागातच झाला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा निजामाच्या राज्यात आल्या आणि पाच दिवसांत राज्य संपले. लोक त्याला 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. होते ते युद्धच.

त्यानंतरचे मात्र आपण कुजबुजत बोलतो. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्याच वर्षअखेरीस येथे फिरून अहवाल दिला. उस्मानाबाद (आताचे धाराशिव), नांदेड, बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे सर्वांत जास्त होरपळल्याचे त्यात नोंदले आहे. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. मारले गेलेल्यांत बहुसंख्य निरपराध मुसलमान होते. अनेक दशके हा अहवाल लोकांपुढे आला नाही.

त्या धामधुमीत आणखी एक लहान समाज सापडला: अरब आणि पठाण. पठाणांना आपण रोहिले म्हणतो. हे अरब मूळचे आताच्या येमेनमधल्या हद्रमौत प्रांतातले. पेशव्यांकडे, नागपूरकर भोसल्यांकडे, पुढे निजामाकडे ते शिपाई म्हणून राहिले. १८१९ च्या जानेवारीत हदगावकडच्या नव्हा किल्ल्यात नौसाजी नाईक हटकर इंग्रज-निजामांच्या फौजेशी लढले, तेव्हा किल्ल्यातले बरेचसे शिपाई अरबच होते. बायका त्यांनी येथल्याच केल्या. लेकरे दखनी बोलत. त्यांच्यातले काही सावकारी करीत आणि वसुलीसाठी दारात बसत, त्यामुळे गावात त्यांच्याविषयी प्रेम नव्हते, हेही खरे. निजामाच्या फौजेत आणि रझाकारांच्या बाजूने काही जण होते, त्यांची चौकशी व्हायलाच हवी होती. पण पोलीस ॲक्शननंतर लष्करी प्रशासनाने अरब आणि पठाणांना समाज म्हणूनच परकीय धरले. अनेकांना पकडून छावण्यांत ठेवले, त्यांच्यापैकी पुष्कळांना समुद्रापार परत पाठवले. काहींचा जन्म येथला, काहींच्या बापाचाही. कुठे परत जायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता तोच चौदा वर्षांनी माकूमच्या सुतारापुढे आला. जे राहिले, त्यांना आपण येथलेच आहोत हे कागदांनी सिद्ध करीत बसावे लागले.

या लोकांविषयी मराठवाड्यात फार थोडे लिहिले गेले आहे. म्हणून या महिन्याच्या लहान ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत चर्चेसाठी एवढेच करावे: निर्गमचा पहिला अध्याय सावकाश वाचावा आणि घरात ऐंशीच्या पुढचे कुणी असेल तर त्यांना विचारावे की, तुमच्या गावात रोहिले किंवा अरब कोण होते, त्यांचे घर कोणत्या गल्लीत होते आणि पोलीस ॲक्शननंतर ते कुठे गेले. शेजारच्या मुस्लिम वडीलधाऱ्यांनाही, त्यांची इच्छा असेल तर, विचारावे. ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या आणि रविवारी मिस्सानंतर आमच्याकडे आणून द्या.